डरहॅमचं हिरवं हेल्मेट घरी आणताना

विलायतेत राहून जुनं लष्करी हेल्मेट विकत घेतलं असं सांगितलं की आपल्या माणसांचे दोन प्रश्न ठरलेले. कितीला पडलं? आणि कशाला? पहिल्याचं उत्तर पुढे पावत्यांसकट देते. दुसऱ्याचं थोडक्यात उरकते, म्हणजे कामाचं बोलता येईल.

मी मूळची खडकीची. बाबा अॅम्युनिशन फॅक्टरीत होते, त्यामुळे सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) बँडचा सराव कानावर पडतच लहानाची मोठी झाले. नोकरीनिमित्त न्यूकासलला आले. इथून डरहॅम रेल्वेनं पंधराएक मिनिटांवर. तिथल्या डरहॅम लाइट इन्फन्ट्रीबद्दल सहज वाचत होते, तर कळलं की या पलटणीची दुसरी बटालियन मुळात मुंबईची. ईस्ट इंडिया कंपनीनं १८३९ मध्ये उभी केलेली ‘सेकंड बॉम्बे युरोपियन’. कंपनी बुडाल्यावर १८६२ मध्ये ती राणीच्या फौजेत १०६ व्या नंबरची ‘बॉम्बे लाइट इन्फन्ट्री’ झाली, आणि १ जुलै १८८१ ला डरहॅमच्या ६८ व्या पलटणीला जोडली गेली. शिपाई सगळे गोरे, हे आधीच सांगते. आपल्या लोकांच्या पलटणी वेगळ्या, ‘नेटिव्ह इन्फन्ट्री’ म्हणून. पण १८५६-५७ मध्ये इराणवर मुंबईहून जी फौज गेली तिच्यात ही पलटण होती, आणि रेशायर, बुशायर, कूशाब ही लढायांची नावं तिच्याबरोबर डरहॅमच्या खात्यात आली. उत्तर इंग्लंडातल्या कोळसा खाणींचा जिल्हा, त्याच्या पलटणीच्या मानचिन्हांत इराणच्या आखातावरची गावं, आणि तिथवर जायचा रस्ता मुंबई बंदरातून! डोक्यात किडा शिरला तो इथं. या पलटणीचं १८८१ नंतरचं परेडचं हेल्मेट मिळालं तर बघायचं, असं ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरवलं.

‘परेडचं हेल्मेट’ म्हणजे काय, ते आधी शिकावं लागलं. १८७० च्या युद्धात प्रशियानं फ्रान्सला लोळवलं आणि मग युरोपभर प्रशियन पोशाखाची हवा झाली. ब्रिटिश पायदळानं १८७८ मध्ये जुना शाको, म्हणजे नळकांड्यासारखी उंच टोपी, टाकून टोकदार हेल्मेट घेतलं. प्रशियन हेल्मेट चामड्याचं. ब्रिटिशांचं बुचाच्या लाकडाचं, म्हणजे कॉर्कचं, वरून कापड चढवलेलं. कापडाचा रंग साधारण पायदळाला गडद निळा, लाइट इन्फन्ट्रीला गडद हिरवा. तोफखान्याच्या हेल्मेटवर टोकाऐवजी गोळा. समोर पितळी पत्र्याची आठ टोकांची चांदणी, तिच्यावर मुकुट, मध्ये पलटणीच्या नावाची गोल चकती. गोळी अडवायचा याच्याशी काही संबंध नाही. हा मिरवायचा पोशाख. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि हा थाट संपला.

पहिली पायरी ग्रंथालयाची आणि संग्रहालयाची. पलटणीचं जुनं संग्रहालय २०१६ मध्ये बंद झालं, पण २०२४ च्या जूनपासून डरहॅममधल्या ‘द स्टोरी’ या नव्या वास्तूत तिचा संग्रह आणि कागदपत्रं आहेत. आधी ईमेल करून वेळ घेतली. वाचनकक्षात जायचं तर फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा, आणि पेन घरी ठेवा. अशा ठिकाणी पेन्सिलच चालते. तिथल्या बाई मदतीला तत्पर होत्या. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या: संग्रहालयं तुमच्या वस्तूची किंमत सांगत नाहीत, आणि ‘हे घेऊ का?’ याचं उत्तरही देत नाहीत. तिथं जायचं ते जुने फोटो बघायला. गटानं काढलेल्या फोटोंत हेल्मेटं भिंगाखाली बघत बसले. साखळी हनुवटीखाली असते, की उचलून मागच्या आकड्याला अडकवलेली. हेल्मेटची पुढची कड गोल की टोकदार. शिपायाच्या हेल्मेटची पुढची कड गोल आणि चामड्यानं मढवलेली, अधिकाऱ्याची टोकदार आणि सोनेरी पट्टीची. शिपायाची साखळी चामड्यावर शिवलेली, अधिकाऱ्याची मखमलीवर. अधिकाऱ्यांची हेल्मेटं जास्त टिकली, कारण ती त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेली आणि पत्र्याच्या डब्यात जपलेली. शिपायांची सरकारी मालमत्ता, त्यामुळे ती कमी. मला शिपायाचंच हवं होतं.

थंडीत दोन-तीन लष्करी वस्तूंच्या जत्रांना गेले. जत्राच म्हणायची: शाळेच्या किंवा क्लबच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, तिकीट चार-पाच पौंड, आणि सकाळी नऊला गेलात तरच काही हाताला लागणार. बहुतेक गिऱ्हाईक साठीच्या पुढचे पुरुष. सावळी बाई एकटीच फिरते आहे म्हटल्यावर पहिली काही मिनिटं सगळे माझ्याकडे ‘बाहेर जायचा दरवाजा तिकडे’ अशा नजरेनं बघत. पण विचारलं की माणसं खुलतात. सत्तरीतले एक विक्रेते होते, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘पेट’ म्हणणारे (इकडे लाडानं सगळ्यांनाच म्हणतात, दचकू नका). त्यांनी मला हात धुवून यायला सांगितलं, टेबलावर टॉवेल अंथरला आणि एक निळं हेल्मेट सुटं करून दाखवलं.

या तासाभरात मला जे कळलं ते पुढच्या सगळ्या खरेदीला पुरलं. हेल्मेट ही एक वस्तू नसते. टोक फिरवून निघतं. त्याखालची चार पाकळ्यांची बैठक निघते. साखळी निघते, ती जिथं अडकते ती दोन्ही बाजूंची गुलाबफुलं निघतात. समोरची चांदणी निघते, आणि चांदणीतली पलटणीची चकतीसुद्धा वेगळी असते. सव्वाशे वर्षांत कुणीही कशालाही काहीही जोडलेलं असू शकतं. एखाद्या साध्या पलटणीचं फाटकं हेल्मेट आणि दुर्मीळ पलटणीची चकती एकत्र आली की किंमत दुप्पट. प्रत्येक तुकडा जुना, खरा, आणि तरीही हेल्मेट असं कधी कुणाच्या डोक्यावर नव्हतं. तेव्हा ‘खरं आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘हे सगळं पहिल्यापासून एकत्र आहे का’ असं विचारायचं. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘कंपोझिट’ किंवा ‘असोसिएटेड’ असे शब्द दिसले की समजायचं, तुकडे जुळवलेले आहेत. ते प्रामाणिकपणे लिहितात. आपण घाईत वाचत नाही.

मुकुटाचंही तसंच. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध किंचित दबलेल्या. १९०१ मध्ये एडवर्ड गादीवर आल्यानंतरच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल. डरहॅमच्या चकतीवर शिंग आणि नाव, मुकुट नाही; म्हणजे एकच चकती दोन्ही काळांतल्या चांदणीत बसते. गोंधळ घालायला उत्तम सोय.

निघताना त्या विक्रेत्या आजोबांनी मला एक चांदणी पंधरा पौंडांना विकली, नवी, नक्कल म्हणूनच. ‘आधी खोटी घरी ने, मग खरी ओळखशील,’ असा हिशेब. तिची मागची बाजू रोज बघायचा परिपाठ ठेवला. नकलेत डाख चकचकीत आणि सढळ हातानं ओतलेला, मागच्या कड्या जाड, पानाफुलांच्या शिरा बोथट. जुन्या ठशाच्या चांदणीत पुढून जितका उठाव तितकाच मागून खोलगटपणा असतो, आणि झीज उंच भागांवरच दिसते. हे वाचून कळत नाही. शेजारी शेजारी ठेवून दोन्हीवरून अंगठा फिरवावा लागतो.

लिलावाकडे वळले ते जानेवारी २०२५ मध्ये. लिलावगृहात नाव नोंदवायला पासपोर्टची प्रत, पत्त्यासाठी कौन्सिल टॅक्सचं बिल आणि कार्डाचा तपशील लागला. एका ठिकाणी दोन दिवसांत होकार आला, दुसऱ्या ठिकाणी आठवडा लागला, तेव्हा लिलावाच्या आदल्या रात्री नोंदणी करायला बसू नका. फेब्रुवारीत पहिल्या हेल्मेटवर बोली लावली. मी ठरवलेल्या आकड्याला पोचेपर्यंत एक मिनिटसुद्धा लागलं नाही, आणि बोली माझ्या पुढे धावत निघून गेली. वाईट वाटलं, पण फोन खाली ठेवल्यावर जरा हलकंही वाटलं.

मार्चमध्ये दुसरं आलं. फोटोत देखणं, अंदाज तीनशे ते चारशे पौंड. कंडिशन रिपोर्ट मागितला. तो फुकट मिळतो आणि मागायला अजिबात लाजायचं नाही, पण काय हवं ते नेमकं लिहायचं. ‘स्थिती कशी आहे?’ विचारलं तर ‘वयाच्या मानानं चांगली’ हेच उत्तर येतं. मी लिहिलं: चांदणीच्या मागच्या बाजूचा फोटो, आतून कड्या जिथं बाहेर येतात तिथला फोटो, घामपट्टीखालचे शिक्के, आणि कापडावर जास्तीची भोकं आहेत का. उत्तराला दोन आठवडे लागले, दोनदा आठवण करावी लागली. फोटो आले तेव्हा आत चार भोकं दिसली. दोन वापरातली, दोन बुजवलेली, म्हणजे चांदणी बदललेली. सोडून दिलं. कितीला गेलं ते बघितलंसुद्धा नाही. (बघितलं. तीनशे ऐंशी.)

मे महिन्यात तिसरं आलं, दक्षिणेकडच्या एका लिलावगृहात. वर्णन तीन ओळींचं, फोटो अंधारे, हिरवं कापड उडून तपकिरी झालेलं, टोक थोडं वाकडं. अंदाज अडीचशे ते साडेतीनशे. या वेळी तिथली मुलगी कामाची निघाली: दुसऱ्याच दिवशी नऊ फोटो. आत भोकं दोनच. घामपट्टीखाली सरकारी बाणाचा शिक्का, पुसट आकडे. चांदणी उचलून दाखवायला मात्र त्यांनी नकार दिला, आणि ते योग्यच. जुनं कॉर्क आहे, हलवताना तुकडा पडला तर जबाबदार कोण? म्हणजे खरा पुरावा खरेदीनंतरच बघायला मिळणार होता.

आता हिशेब, कारण इथंच नवखी माणसं गडबडतात. हातोडा पडतो ती किंमत म्हणजे तुमचं बिल नव्हे. माझी बोली ४२० पौंडांवर थांबली. त्यावर २५ टक्के बायर्स प्रीमियम (लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते कमिशन), म्हणजे १०५. त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, म्हणजे २१. एकूण ५४६. एखाद्या ऑनलाइन मंचावरून बोली लावली असती तर त्यांचा वेगळा टक्का आणि त्यावरही व्हॅट. मी लिलावगृहाकडेच फोनवरची बोली नोंदवली होती, तो खर्च वाचला. फोनची सोय आदल्या दिवशीच्या दुपारपर्यंत मागावी लागते. माझा नियम साधा: खिशातली एकूण रक्कम घ्यायची, १.३ नं भागायचं, येईल तो आकडा कागदावर लिहायचा आणि त्याच्या वर हूं की चूं करायचं नाही.

पैसे भरताना बँकेनं व्यवहार अडवला. फोन आला. पलीकडचा मुलगा म्हणाला, कशासाठी आहे ही रक्कम? म्हटलं, हेल्मेट. मोटारसायकलचं? म्हटलं, नाही, १८८० च्या सुमाराचं. बराच वेळ शांतता. मग त्यानं विचारलं, हे घ्यायला तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का? फसवणूक टाळण्यासाठीचा त्यांचा ठरलेला प्रश्न आहे तो, पण माझ्या नवऱ्याला अजून हसू आवरत नाही. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकांचा शेरा आला: हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या गावातली पोरगी हेल्मेटसाठी साठ हजारांच्या वर रुपये मोजते, कलियुग!

लिलावगृह स्वतः पार्सल करत नव्हतं. बाहेरच्या पॅकिंगवाल्यानं पंचेचाळीस पौंड सांगितले, शिवाय काच, चिनी माती आणि ‘नाजूक पुराणवस्तू’ विम्यातून वगळलेल्या. म्हणून शनिवारी रेल्वेनं स्वतः गेले. तिकीट त्याहून महाग पडलं, पण हेल्मेट मांडीवर राहिलं. तुम्ही जाल तर एवढं करा: खोकं हेल्मेटच्या दीडपट उंच घ्या, आत आम्लरहित टिश्यू पेपर चुरगाळून भरा, आणि टोक काढून वेगळं गुंडाळा. वर्तमानपत्राचा कागद नको, शाई उतरते. आणि पैसे भरल्यावर ठरलेल्या मुदतीत माल उचलला नाही तर साठवणुकीचं भाडं लागतं, ते बारीक अक्षरांत असतं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून बसले. आतून दोन कड्यांत ओवलेली चामड्याची पट्टी होती, वाळून कडक झालेली. ती ओढली तर तुटणार, म्हणून अर्धा तास चिमट्यानं मागेपुढे करत काढली. चांदणी हातात आली. तिच्याखालचं कापड मी डोळे भरून बघितलं. बाहेर सगळीकडे सुपारीसारखा तपकिरी रंग, आणि चांदणीखाली पानाच्या विड्यासारखा गर्द हिरवा. टोकं स्पष्ट. मधले बारीक किरण मोजता येत होते. वरती मुकुटाचा ठसा, आणि त्याच्या कमानी मधोमध दबलेल्या. दुसऱ्या कुठल्या आकाराची सावली नाही, दुसरं भोक नाही. म्हणजे ही चांदणी याच कापडावर, याच जागी, रंग उडायला लागण्याआधीपासून बसलेली होती. उन्हानं केलेली नोंद खोडता येत नाही.

मग बाकीचे तुकडे. बारा पौंडांची अतिनील टॉर्च घेतली होती. अंधारात शिवणीवरून फिरवली. हल्लीचा कृत्रिम धागा आणि उजळवलेलं कापड या प्रकाशात निळसर पांढरं चमकतं. शिवणी काळ्याच राहिल्या. डाव्या बाजूच्या गुलाबफुलाजवळ मात्र एक टाका लखलखला. साखळी तिथं पुन्हा बसवलेली आहे, आणि तिच्या आतलं चामडं उजव्या बाजूपेक्षा नवं. मी वहीत तसंच लिहून ठेवलं: साखळी नंतरची. उद्या विकायचं ठरलं तर हीच ओळ कॅटलॉगला देईन.

घामपट्टीखाली शाईनं लिहिलेला चार आकडी नंबर आहे. कुणाचा तो? लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पेन्शन मिळवून बाहेर पडलेल्या शिपायांची कागदपत्रं आहेत, बरीचशी घरबसल्या शोधता येतात. पण शोध नावानं चालतो, आणि पलटणीतले नंबर वेगवेगळ्या वर्षी पुन्हा पुन्हा वापरलेले. त्या नंबरचे वेगवेगळ्या काळातले दोघे सापडले, आणि यातला आपला कोण हे ठरवायला काही आधार नाही. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या नोंदी शोधणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: त्यातल्या बऱ्याच १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाल्या. काही न सापडणं हा तुमच्या शोधाचा दोष असेलच असं नाही.

साफसफाईबद्दल हात जोडून सांगते: पितळ घासू नका. आपल्याकडे समई लख्ख करायची सवय हाताला असते, पण पॉलिशनं ठशाचा उठाव झिजतो आणि पांढरी पूड खाचांत बसून कापडावर उतरते. मऊ ब्रशनं धूळ काढली, बस. कसरीची भीती वेगळी. नुसतं लोकरीचं कापड असेल तर हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतात, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडत नाहीत. पण कॉर्क, चामडं, धातू आणि डिंक एकत्र असलेल्या वस्तूला गोठवण्याआधी जाणकाराला विचारा. मी ‘आयकॉन’ या संवर्धकांच्या संस्थेच्या यादीतून एक बाई शोधल्या. त्या म्हणाल्या, गोठवू नका. पारदर्शक पिशवीत बंद करून महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा, शेजारी कसरीचा सापळा लावा, आणि दर आठवड्याला पिशवीच्या तळाशी भुकटी दिसते का बघा. दिसली नाही. वाकडं टोक सरळ करायचा त्यांचा अंदाज एकशे ऐंशी पौंड आला. टोक वाकडंच आहे.

आता कमरपट्ट्याची कथा, कारण कागदपत्रांचा खरा मासला तिथं आहे. हेल्मेटबरोबर परेडचा पांढरा चामडी पट्टा हवा असं वाटू लागलं. १८८८ च्या ‘स्लेड-वॉलेस’ पद्धतीचा, दोन काडतूसपेट्या असलेला एक जुलैत अमेरिकेतल्या विक्रेत्याकडे मिळाला, १९० पौंडांना. पाठवणाऱ्यानं सीमाशुल्काच्या फॉर्मवर फक्त ‘चामडी पट्टा’ लिहिलं. झालं, तो नवा चामडी माल समजला गेला: ड्यूटी, २० टक्के व्हॅट आणि हाताळणी शुल्क मिळून साठेक पौंडांची चिठी दारात. खरं तर शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंना ब्रिटनमध्ये आयातीवर प्रत्यक्षात ५ टक्केच व्हॅट बसतो, पण मालाचं वर्गीकरण सीमाशुल्काच्या यादीतल्या ९७०६ या शीर्षकाखाली व्हायला हवं, आणि ते आपोआप होत नाही. आधी पैसे भरून पार्सल सोडवलं, मग टपालानं आलेल्या पार्सलसाठीचा ‘बीओआर २८६’ फॉर्म भरला. सोबत चिठीची मूळ प्रत, विक्रेत्याची पावती, पट्ट्याच्या बकलाचे फोटो आणि त्याच्या काळाबद्दल विक्रेत्याचं सहीचं पत्र. (कुरिअरनं आलं असेल तर फॉर्म वेगळा, ‘सी २८५’.) सगळ्याच्या प्रती काढून ठेवा. दोन महिने काहीच कळलं नाही, मग ऑक्टोबरमध्ये बहुतेक पैसे परत आले. हाताळणी शुल्क मला मिळालं नाही. आता विक्रेत्यांना पार्सल पाठवायच्या आधीच लिहून कळवते: वस्तूचं नाव, अंदाजे साल, ‘१०० वर्षांहून जुनी पुराणवस्तू’ आणि शीर्षकाचा आकडा फॉर्मवर घाला.

पट्ट्याचं पांढरं लेपन भेगाळलेलं आहे. शिपाई त्यावर पाइपक्ले नावाची पांढरी माती लावत. कोरडी झाली की झडते आणि काळ्या बुटांवर सांडते. नवं काही लावलेलं नाही. संगीन घ्यायचा मोह मात्र टाळला. धारदार वस्तू घरपोच पाठवण्यावर इथं २०१९ च्या कायद्यानं वयाच्या पडताळणीसकट बरेच निर्बंध आहेत, आणि तशीही घरात लहान पोर आहे.

विम्यासाठी घराच्या पॉलिसीत एका वस्तूची कमाल मर्यादा किती हे बघा. माझ्या पॉलिसीत हेल्मेट मर्यादेत बसलं, तरी पावती आणि फोटो ईमेल करून पोच मागून घेतली. हेल्मेट खिडकीपासून लांब, कपाटात, लाकडी गोलावर ठेवलं आहे. ज्या उन्हानं पुरावा दिला त्याला पुन्हा काम द्यायचं नाही.

डिसेंबरात खडकीला जाणार आहोत. बाबा म्हणाले, घेऊन ये की, बघू तरी. म्हणून भारताच्या बाजूचे नियम वाचले. आपला १९७२ चा पुराणवस्तू कायदा ऐतिहासिक महत्त्वाच्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुराणवस्तू मानतो, आणि पुराणवस्तू देशाबाहेर न्यायचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेलाच आहे. म्हणजे तिकडे न्यायचं सोपं, परत आणताना विमानतळावर ‘हे मूळचं इंग्लंडचंच आहे हो’ हे पटवत उभं राहायचं. तुमच्याकडे वडिलोपार्जित काही असेल आणि ते इकडे आणायचा विचार असेल, तर तिकीट काढायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे लेखी विचारा. इंग्लंडमधून बाहेर नेण्याचे नियम आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडे असतात. तिथं वय आणि किंमत दोन्हींच्या मर्यादा आहेत, तेही बघून घ्या.

बाबांना हे फोनवर समजावलं. त्यांनी सरकारी कारखान्यात उभी हयात काढली आहे, त्यामुळे समजावायला फार वेळ लागला नाही. ते म्हणाले, फोटो आण, मोठ्या कागदावर छापून. फोटो छापायला टाकले आहेत: कापडावरची हिरवी चांदणी, घामपट्टीखालचा नंबर, लखलखलेला टाका. त्यांच्याबरोबर जत्रेतली पंधरा पौंडांची नक्कलही बॅगेत टाकते आहे. तिला शंभर वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे ती कुठंही जाऊ शकते.